नकलेचें पीक आणि कर्त्याचें बीज

घरांतील तरुण मंडळींच्या व्यवसायांचीं नांवें आतां वडीलधाऱ्यांच्या जिभेवर सहजासहजीं बसत नाहींत. मुलगा वकिली करतो, सून डॉक्टर आहे, पुतण्या बँकेंत आहे, एवढें सांगितलें कीं पूर्वीं पाहुण्यांचें समाधान होत असे. आतां एखाद्या सुशिक्षित घरांतील पुतणी सांगते कीं, ती गेममधील पोशाख आणि दागिने घडविते व त्यांची विक्रीहि करते. आणि आजोबांस प्रश्न पडतो कीं, जो शालू नेसतां येत नाहीं आणि जी नथ नाकांत घालतां येत नाहीं, ती विकत घेतो तरी कोण? प्रश्न गमतीचा खरा. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो मुळींच गमतीचा नाहीं. अशी वस्तु कोणी परभारें दुप्पट केली, चौपट केली, हजारपट केली, तर घडविणारीचें कांहीं चोरीस गेलें असें म्हणावें कीं नाहीं?

या महिन्यांत वाचकांसमोर हाच विषय मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो प्रथमदर्शनीं परका वाटेल. परंतु नकलेचा हा तंटा संगणकाबरोबर जन्मलेला नाहीं. त्याचा एक मोठा अध्याय आपल्याच मराठवाड्याशीं, जालना जिल्ह्याच्या काळ्या मातीशीं जोडलेला आहे. आणि तो समजून घेतला म्हणजे नव्या तंट्याचीहि बरीचशी उकल होते, असें आमचें मत आहे.

प्रथम हें आभासी जग म्हणजे काय, तें पाहूं. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडेन लॅब या कंपनीनें २००३ सालीं 'सेकंड लाइफ' नांवाचें असें एक जग इंटरनेटवर खुलें केलें. त्यांत शिरणाऱ्या प्रत्येकास एक देह मिळतो. त्या देहास तेथें 'अवतार' असेंच म्हणतात, आणि हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेला आहे. अवतार म्हटला कीं त्यास वस्त्रें हवींत, अलंकार हवेत, घर हवें, अंगण हवें. हें सारें बहुतांशीं कंपनी तयार करीत नाहीं. तेथें वावरणारीं माणसेंच तें घडवितात आणि एकमेकांस विकतात. तेथील नाणें 'लिंडेन डॉलर' हें खऱ्या डॉलरांत बदलून घेतां येतें. रहिवाशांनीं जें निर्माण केलें त्यावरील बौद्धिक हक्क त्यांचाच राहील, असेंहि कंपनीनें २००३ सालींच जाहीर केलें. हल्लीं मुलांच्या तोंडीं असलेल्या 'रोब्लॉक्स'मध्येंहि टोप्या, केस, कपडे घडवून विकणारे तरुण पुष्कळ आहेत.

हें काम म्हणजे बोटांची चाळवाचाळव नव्हे. अशी एक पैठणी घडवावयाची झाली तर प्रथम तिची त्रिमिती आकृति तयार करावी लागते. मग पदरावरील मोर, काठाची नारळी, रेशमाची चमक हीं निराळीं रंगवून त्या आकृतीवर चढवावीं लागतात. अवतार चालूं लागला, बसला, नाचूं लागला तर निऱ्या कशा हलतील याची योजना करावी लागते. आणि हें सारें इतकें हलकें ठेवावें लागतें कीं साध्या मोबाईलवरहि तें अडखळूं नये. पहिल्या नगास कित्येक आठवडे लागतात. दुसऱ्या नगास मात्र क्षणहि लागत नाहीं. पहिल्याचें मोल जबर आणि दुसऱ्याचें शून्य, हीच या धंद्याची खुबी आहे व हेंच त्याचें दुखणेंहि आहे.

आतां नक्कल होते कशी? तिचे दोन प्रकार आहेत, आणि ते निरनिराळे ओळखणें अवश्य आहे. पहिल्या प्रकारास खेळणारीं मुलें 'डुप' म्हणतात. अशा जगाची मुख्य वही कंपनीच्या सर्व्हरवर असते. रामानें गोविंदास तलवार दिली म्हणजे त्या वहींत दोन नोंदी होतात : गोविंदाच्या खातीं जमा, रामाच्या खातीं वजा. जमेची नोंद झाली आणि वजेची होण्यापूर्वींच यंत्र बंद पडलें, तर पुन्हा सुरू झाल्यावर तलवार दोघांपाशीं दिसते. हा दोष कोणाच्या तरी ध्यानीं येतो. मग तो मुद्दाम यंत्र अडखळवितो आणि एकाच्या दोन, दोहोंच्या चार तलवारी करीत बसतो. २००५ सालीं 'एव्हरक्वेस्ट २' या खेळांत अशाच एका दोषाचा लाभ घेऊन कांहीं जणांनीं वस्तु दुप्पट करून विकल्या, आणि त्या जगांतील चलन एकाएकीं इतकें फुगलें कीं कंपनीस खातीं बंद करण्याचा उपाय योजावा लागला.

आपल्या जुन्या सावकारी पेढ्यांस ही अडचण चांगली ठाऊक होती. हुंडी वाटेंत गहाळ झाली तर 'पेठ' म्हणून दुसरी प्रत देत. तीहि हरवली तर 'परपेठ' देत. परंतु त्यांपैकीं एकीचे पैसे चुकते झाले कीं बाकीच्या आपोआप रद्द. कागद तीन, पण देणें एकच, हा नियम मुनिमांच्या हाडींमासीं खिळलेला होता. डुप म्हणजे एकाच हुंडीचे पैसे दोन पेढ्यांवर उचलणें होय. त्यास चातुर्य म्हणण्याचें कारण नाहीं.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. त्यांत वहीस हात लावावा लागत नाहीं. वस्तूचें रूपच उचललें जातें. सेकंड लाइफमध्यें प्रत्येक वस्तूवर घडविणाऱ्यास तीन अटी घालतां येतात : घेणाऱ्यानें तिची प्रत करावी कीं नाहीं, तिच्यांत फेरफार करावा कीं नाहीं, आणि ती दुसऱ्यास द्यावी कीं नाहीं. व्यवस्था नेटकी होती. परंतु नोव्हेंबर २००६ मध्यें 'कॉपीबॉट' नांवाचें एक साधन तेथें पसरलें, आणि समोर दिसेल त्या वस्तूची हुबेहूब नक्कल करण्याची सोय झाली. दुकानदारांनीं निषेधार्थ आपलीं दुकानें बंद ठेवलीं. कंपनीनें असा वापर नियमबाह्य ठरविला; पण त्याबरोबर एक कटु सत्यहि सांगितलें. तें असें कीं, जी वस्तु तुमच्या डोळ्यांस दिसावयाची ती आधीं तुमच्या यंत्रांत यावीच लागते, आणि जी यंत्रांत आली तिची प्रत करण्याचा मार्ग पुरता बुजवितां येत नाहीं. कुलूप कितीहि बळकट असो, दाखविण्यासाठीं दार उघडावेंच लागतें.

येथें एक आक्षेप हमखास निघतो. "मूळ वस्तु तर घडविणाऱ्यापाशींच राहिली, मग त्याचें गेलें काय?" हा आक्षेप तर्कशुद्ध आहे व त्यास उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. वस्तु हिरावून घेतली तर न्याय सोपा असतो. नेदरलँड्समध्यें दोन मुलांनीं तिसऱ्यास मारहाण करून 'रुनस्केप' या खेळांतील त्याचा ताईत व मुखवटा आपल्या खात्यांत घेतला. ह्या वस्तु हातीं धरतां येत नाहींत, सबब चोरीच झाली नाहीं, असा बचाव पुढें आला. तेथील सर्वोच्च न्यायालयानें ३१ जानेवारी २०१२ रोजीं तो फेटाळला. त्या मिळविण्यांत मुलाचा वेळ व श्रम गेले होते आणि तो त्यांस मुकला. एवढें न्यायालयास पुरेसें वाटलें. परंतु नकलेंत कोणी कशास मुकत नाहीं असें दिसतें. येथें न्यायाची वाट अरुंद होते, आणि येथेंच जालन्याचें बियाणें आपल्या उपयोगी पडतें.

'जालना सोन्याचा पालना' ही म्हण जुनी आहे. अलीकडच्या काळांत हा पालना हलला तो दोन हातांनीं : एक लोखंड-पोलादाच्या कारखान्यांच्या आणि दुसरा बियाण्यांच्या. बद्रीनारायण बारवाले यांनीं भेंडीच्या 'पुसा सावनी' या वाणाच्या बीजोत्पादनानें आरंभ केला आणि १९६४ सालीं जालन्यांत महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच 'महिको', स्थापन केली. १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला व २००१ सालीं पद्मभूषण. २०१७ सालीं ते निवर्तले. त्यांच्या मागोमाग अनेक बियाणें कंपन्या या भागांत उभ्या राहिल्या, आणि जालना व शेजारच्या देऊळगांव राजाच्या परिसरांत शेतकऱ्यांच्या घरोघरीं बीजोत्पादन हा जोडधंदा झाला.

आतां बियाणें ही वस्तु कशी आहे पहा. या जगांत स्वतःच स्वतःची नक्कल करणारी ती वस्तु आहे. एक दाणा पेरला कीं शंभर होतात, आणि त्या शंभरांतील प्रत्येक दाणा पुन्हा पेरतां येतो. नवा वाण काढणाऱ्यानें दहा वर्षें खपून जें साधलें, तें शेजाऱ्याच्या कणगींत एका हंगामांत पोंचतें. गव्हाचें, हरभऱ्याचें, सोयाबीनचें असें होतें. मग बियाण्यावर श्रम व पैसा कोण खर्च करणार?

यावर संकरित बियाण्यानें एक उत्तर काढलें. दोन शुद्ध वाण वेगळे राखावयाचे, त्यांचा संकर घडवावयाचा आणि त्यापासून निघालेलें पहिल्या पिढीचें बीं शेतकऱ्यास विकावयाचें. तें पीक जोमदार व एकसारखें येतें. परंतु त्याच पिकांतील दाणे राखून पुढच्या सालीं पेरले, तर एक ताट उंच तर एक खुजें, एक कणीस भरलेलें तर एक पोंचट, असा पसारा होतो. नक्कल करूं जावें तों नकलेचाच विस्कोट व्हावा, असें हें निसर्गाचें कुलूप आहे. त्याची किल्ली म्हणजे ते दोन मूळ वाण; म्हणूनच त्यांची राखण जिवापाड होते.

हें पहिल्या पिढीचें बीं किती कष्टांचें असतें, तें सीड प्लॉटवर गेल्याशिवाय कळत नाहीं. कपाशीचें किंवा भेंडीचें जें फूल उद्यां उमलणार, त्याची कळी आज दुपारनंतर हेरावयाची. नखानें तिच्या पाकळ्या व पुंकेसर अलगद काढावयाचे आणि आंतील नाजूक भागास इजा होऊं द्यावयाची नाहीं. ती झांकून ठेवावयाची. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नर वाणाचें फूल आणून त्याचे पराग तिला लावावयाचे व खुणेस दोरा बांधावयाचा. याला तिकडे 'क्रॉसिंग' म्हणतात. एकेका प्लॉटवर हजारों फुलांस हा संस्कार करणारे हात बहुधा स्त्रियांचे असतात. पाकिटावर त्यांचें नांव नसतें. बियाण्यांत मोल भरतें तें या हातांनीं आणि मूळ वाण शोधणाऱ्याच्या बुद्धीनें. आणि बोगस पाकीट विकणारा त्या दोघांच्याहि ताटांतील घांस काढून घेतो. दर खरिपाला बोगस बियाण्याचा बोभाटा होतो त्याचा अर्थ एवढाच. मूळ कंपनीची तिजोरी तर सोडाच. ज्यानें विश्वासानें पेरलें त्याचें आख्खें वर्ष बुडतें.

तेव्हां 'गेलें काय?' या प्रश्नाचें उत्तर असें : वस्तु गेली नाहीं, पण पुढची वस्तु घडविण्याची ऐपत गेली, गिऱ्हाइकाचा विश्वास गेला, आणि ज्याला सचोटीनें विकत घेण्याची इच्छा होती तो मूर्ख ठरला. आभासी पैठणीच्या घडविणारीचेंहि नेमकें हेंच जातें.

परंतु कुलूप तुटण्याचीहि एक कथा आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा विषय एकांगी राहील. महिको व अमेरिकेंतील मोन्सॅन्टो यांनीं मिळून बोंडअळीस दाद न देणारी बीटी कपाशी येथें आणली. तिला केंद्र सरकारची परवानगी मार्च २००२ मध्यें मिळाली. पण त्याआधींच, ऑक्टोबर २००१ मध्यें, गुजरातेंत अळीनें बाकीचीं शेतें फस्त केलीं असतां कांहीं शेतें हिरवींगार उभीं असलेलीं आढळलीं. तपासांत असें दिसलें कीं, 'नवभारत १५१' या नांवानें विकल्या गेलेल्या बियाण्यांत तोच बीटी गुण होता. हा गुण असा कीं, संकराचें कुलूप त्यास अडवीत नाहीं. पुढच्या पिढींतहि तो पुष्कळ झाडांत उतरतो. सरकारनें पीक जाळण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्यांनीं तो मानला नाहीं. विशेष हें कीं, त्या बीटी गुणाचें पेटंट त्या वेळीं या देशांत नव्हतेंच. कारवाई निघाली ती परवानगीवांचून पेरल्याबद्दल. कर्त्याचा हक्क हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

त्या शेतकऱ्यांस आम्ही चोर म्हणूं शकत नाहीं. त्यांनीं बाजारांतून पैसे देऊन बीं घेतलें होतें आणि पीक वांचलेलें डोळ्यांनीं पाहिलें होतें. पुढें अस्सल बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटास सोळाशे रुपयांच्या वर दर पडूं लागला. तंटा आंध्र प्रदेशानें उचलला, आणि २००६ सालीं तो दर ७५० रुपयांवर आणण्यांत आला. यांतून शिकावयाचें तें हें कीं, जेथें अस्सल वस्तु गरजवंतास परवडत नाहीं, तेथें नकलेस गिऱ्हाईक मिळतेंच. आणि कर्त्याचा हक्क राखण्याच्या कामांत रास्त किंमत ही पहाऱ्याइतकीच महत्त्वाची आहे.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणतील कीं, विद्येस कुंपण घालणें ही आपली रीतच नव्हे. हा आक्षेप आम्हांस मोलाचा वाटतो, आणि त्याचेंहि उत्तर जालना जिल्ह्यांतच आहे. घनसावंगी तालुक्यांतील जांब, ज्यास आज जांब समर्थ म्हणतात, तें समर्थ रामदासांचें जन्मगांव. जन्म १६०८ चा. त्यांचा दासबोध गांवोगांवच्या मठांत पोंचला तो हातानें उतरून घेतलेल्या प्रतींनीं. प्रत करणें हें तेथें पुण्यकर्म होतें. परंतु ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, प्रत करणारा ग्रंथ समर्थांचा म्हणूनच उतरवीत असे. आपला म्हणून नव्हे. याच्या उलट तुकोबांच्या चरित्रांत सालोमालो भेटतो. तुकोबांच्या अभंगांतील नाममुद्रा काढून तेथें स्वतःची घालावी आणि कीर्तनांत मिरवावें, ही त्याची ख्याति. त्यानें तुकोबांचा एकहि अभंग हिरावून नेला नव्हता, तरी महाराष्ट्रानें त्यास तीन शतकें क्षमा केलेली नाहीं. म्हणजे प्रत आणि चोरी यांतील भेद आपल्या परंपरेस पक्का ठाऊक होता. नांव राखून, कर्त्याच्या इच्छेनें केलेली प्रत ही सेवा. नांव पुसून केलेली प्रत ही चोरी.

जालन्याची मोसंबी हेंहि याचेंच उदाहरण. डोळा भरून कलम केलें कीं मोसंबीचें झाड जसेंच्या तसें दुसरीकडे उभें राहतें. त्यास कोणाची ना नाहीं. परंतु या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळालेलें असल्यामुळें दुसरीकडच्या फळास जालन्याचें नांव लावून विकतां येत नाहीं. झाड वाढूं द्यावें, नांव राखावें, ही वांटणी सुज्ञपणाची आहे.

याच सुज्ञपणाचा एक कायदा आपल्या देशानें केला आहे, आणि त्याची माहिती घरोघरीं असावी. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१. नवा वाण काढणाऱ्याची तो नोंद करून घेतो आणि सामान्य पिकांस १५ वर्षें व वृक्षवेलींस १८ वर्षें संरक्षण देतो. परंतु त्याच्याच ३९ व्या कलमांत शेतकऱ्यास अशा वाणाचें बींहि राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा, इतकेंच नव्हे तर विकण्याचाहि अधिकार ठेवला आहे. अट एकच : त्यानें तें कंपनीच्या छापाचें म्हणून विकतां कामा नये. २०१९ सालीं पेप्सिको कंपनीनें आपल्या नोंदणीकृत बटाट्याच्या वाणावरून गुजरातेंतील शेतकऱ्यांवर दावे लावले, तेव्हां याच कलमाचा आधार पुढें आला, आणि लोकमत असें उसळलें कीं कंपनीनें ते दावे मागे घेतले. कर्त्याचा हक्क आणि वापरणाऱ्याची गरज हीं दोन्हीं टोकें एकाच कायद्यांत धरण्याचा हा प्रयत्न आहे.

हीच कसोटी आभासी जगास लावून पाहूं. एखाद्यानें विकत घेतलेला पोशाख यंत्र बिघडल्यास हाताशीं असावा म्हणून त्याची प्रत जपून ठेवली, तर ती शेतकऱ्यानें कणगींत राखलेल्या बियाण्यासारखी समजावी; कॉपीबॉट हें साधनहि आरंभीं सद्हेतूनेंच तयार झालें होतें. पण तीच प्रत बाजारांत मांडली, त्यावर आपलें नांव घातलें, किंवा वहींतील दोष साधून एकाच्या हजार वस्तु केल्या, तर तें बोगस पाकीट झालें. आंधळेपणानें सर्वांसच गुन्हेगार ठरविणारे नियम नकोत, आणि 'संगणकांत सर्व माफ' हीहि वृत्ति नको.

उपायांचा पहिला भार जग चालविणाऱ्या कंपन्यांवर पडतो. जमा आणि वजा या दोन नोंदी एकदम व्हाव्यात, नाहींतर एकहि होऊं नये, हा पेढीचा नियम त्यांच्या यंत्रांत मुळापासून बसविला पाहिजे. बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर असतो आणि खुणेची चिठ्ठी असते : पायाभूत बियाण्यास पांढरी, प्रमाणित बियाण्यास निळी. तसा प्रत्येक मौल्यवान वस्तूस स्वतंत्र क्रमांक व घडविणाऱ्याचें नांव कायमचें जोडलेलें असावें, म्हणजे एकाच क्रमांकाच्या दोन वस्तु दिसतांच चोरी उघडी पडेल. नकलेची तक्रार करणाऱ्यास महिनोन्‌महिने तिष्ठत ठेवणें हा तर नकलेस दिलेला आश्रयच होय.

दुसरा भार कायद्याचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें चित्र, आकृति, संगणकाचा प्रोग्रॅम यांवर कर्त्याचा हक्क निर्मितीबरोबरच उत्पन्न होतो; त्यासाठीं नोंदणी लागतेच असें नाहीं, मात्र केलेली असल्यास पुराव्यास बळ येतें. ५७ व्या कलमानें हक्क विकल्यानंतरहि कर्त्याचें नांव सांगण्याचा अधिकार कर्त्यापाशींच ठेवला आहे. सालोमालोवरचें कलम म्हणावें तें हेंच. २०१२ च्या दुरुस्तीनें आलेलें ६५-अ कलम संरक्षक कुलूप फोडून हक्कभंग करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगतें. रीतसर लेखी तक्रार पोंचल्यावर ती नक्कल साठवून ठेवणाऱ्या स्थळानें ३६ तासांच्या आंत लोकांस ती मिळणें बंद करावें, आणि कोर्टाचा हुकूम येईपर्यंत २१ दिवस बंद ठेवावें, अशीहि तरतूद आहे. म्हणून घरांतील तरुण कर्त्यांस आमचें सांगणें असें कीं, कच्चे आराखडे, मधल्या अवस्थेंतील प्रती आणि त्यांच्या तारखा जपून ठेवाव्या. कंपनीच्या ज्या करारनाम्यास आपण न वाचतां 'मान्य' म्हणतों तो एकवार शांतपणें वाचावा. आणि मोठ्या कामाची नोंदणी करून ठेवावी.

तिसरा भार आपल्या घराचा आहे, आणि आमच्या मतें तो सर्वांत मोठा आहे. कारण घडविणारी पुतणी आणि डुप करणारा पुतण्या हीं पुष्कळदां एकाच माजघरांत वाढतात. मुलानें खेळांतील दोष हेरून रात्रींतून शंभर तलवारी केल्या, हें ऐकून 'पोरगा हुशार आहे' असें कौतुक करणारे काका घरोघरीं आहेत. हुशारी खरीच, पण तिचें कौतुक करावयाचें असेल तर तो दोष त्यानें कंपनीस कळविल्याबद्दल करावें. कित्येक कंपन्या असे दोष दाखविणाऱ्यांस बक्षीसहि देतात. त्या शंभर तलवारींमुळें कोणाच्या महिनाभराच्या कष्टांचें मोल मातीस मिळालें, हें त्याला कोणीतरी घरांतच सांगावयास हवें.

आणि हें सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं आपलाहि मोबाईल एकदां तपासावा. दिवाळी आली कीं दिवाळी अंकांच्या पीडीएफ प्रती व्हॉट्सॲपवरून 'वाचनसंस्कृति वाढवूं या' अशा शीर्षकाखालीं घरोघरीं फिरतात. लेखकाचें मानधन, चित्रकाराची मेहनत, छापखान्याचें देणें, सारें त्या एका बोटाच्या स्पर्शांत बुडतें. ज्या घरांत अंक विकत घेण्यापेक्षां पुढें ढकलण्याची रीत आहे, त्या घरांतील मुलानें तलवार दुप्पट केली तर त्यास कोणत्या तोंडानें बोलणार?

तेव्हां या महिन्यांत प्रत्येक कुटुंबानें एक साधी गोष्ट करून पहावी. जेवणें झाल्यावर मुलांस त्यांच्या खेळांतील आवडती वस्तु दाखवावयास सांगावी, आणि ती कोणी घडविली, तें नांव शोधावयास लावावें. तें नांव सांपडलें तर मोठ्यानें वाचावें. न सांपडलें तर तें कां नाहीं, याचा विचार मुलांबरोबर बसून करावा.